गिरणगावाची धाप

२३ सप्टेंबर १८८४ रोजी मुंबईत परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा भरली. सभा बोलावणारे नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक. त्या सभेतून निघालेलं निवेदन साडेपाच हजार कामगारांच्या नावाने सरकारकडे गेलं. त्यातल्या मागण्या वाचताना जाणवतं, की या माणसांना सर्वांत आधी हवी होती ती विश्रांती. आठवड्यातून एक रविवार सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहाला सुरू झालेलं काम सूर्यास्ताला बंद. पगार वेळेवर आणि जखमी कामगाराला भरपाई या मागण्याही होत्या, पण अग्रक्रम थकल्या शरीराचा होता. रविवारची सुट्टी मिळायला पुढे जवळजवळ सहा वर्षं लागली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली.

पुढचे तासही असेच एकेक करून सोडवून घ्यावे लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि दिवस मावळला तरी काम मावळेना. चौदा-चौदा तास साचे चालू राहत. १९११च्या कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुषाचा दिवस बारा तासांवर आणला, १९२२च्या कायद्याने आठवडा साठ तासांवर, १९३४च्या कायद्याने चोपन्न तासांवर. अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा यायला १९४६ साल उजाडलं. एका तासासाठी एकेक पिढी खर्ची पडली, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

हा इतिहास हृदयविकाराच्या लेखात आधी सांगण्याचं कारण आहे. काळाचौकी, लालबाग, घोडपदेव, चिंचपोकळी या गिरणगावाच्या पट्ट्यात आज सत्तरी-पंचाहत्तरीला आलेल्या कित्येक माणसांना हार्ट फेल्युअर आहे. हृदय बंद पडलेलं नसतं, पण ते शरीराला पुरेल इतकं रक्त ढकलू शकत नाही. जिना चढताना धाप लागते, संध्याकाळी पाय सुजतात, रात्री उशाला दोन-तीन उशा लागतात. अशा माणसाला घरचे म्हणतात, ‘आता दगदग करू नका, आयुष्यभर राबलात, बसा निवांत.’ हे शब्द प्रेमातून येतात, आणि त्यांच्यामागे साठ वर्षांची लढाईही असते. ज्या वस्तीने विश्रांती भांडून मिळवली, तिथे म्हाताऱ्या माणसाला खुर्चीत बसवणं हा त्याचा मान असतो. आजचं वैद्यकशास्त्र मात्र त्याला उठून चालायला सांगतं. या दोन गोष्टी कशा घडत गेल्या, ते पाहू.

काळाचौकीच्या एका अंगाला गिरण्या आणि दुसऱ्या अंगाला कापूस, असा तिचा जुना नकाशा. पूर्वेला कॉटन ग्रीन. कुलाब्याचा कापसाचा बाजार १९२०च्या दशकात शिवडी-माझगावच्या भराव टाकलेल्या जमिनीवर आला, १९२५ साली तिथे कॉटन एक्स्चेंजची इमारत उभी राहिली, गोदामांच्या रांगा बसल्या. पश्चिमेला आणि मधोमध गिरण्या: मूळ ससून घराण्याच्या इंडिया युनायटेडच्या दोन आणि तीन नंबर, दिग्विजय, आणि पुढे लालबाग-परळपर्यंत पसरलेल्या इतर. गोदामात माथाडीच्या पाठीवर गाठ चढायची आणि तोच कापूस गिरणीत सूत होऊन बाहेर पडायचा. दोन्हीकडे यंत्र कमी आणि शरीर जास्त होतं.

गिरणीतल्या प्रत्येक खात्यात शरीर वेगळ्या तऱ्हेने झिजे. ब्लो रूम आणि कार्डिंगमध्ये कापूस पिंजला जाई आणि हवेत तंतूंचं धुकं उभं राही. त्रासन म्हणजे सूतकताईच्या खात्यात सायडर दोन रांगांमधून सारखा येरझाऱ्या घाली, तुटलेला तार जोडत. त्याची पावलं मोजली असती तर आजच्या घड्याळांनी त्याला रोज शाबासकी दिली असती. साचाखात्यात विणकर आठ तास उभा असे. सुताचा धागा तुटू नये म्हणून तिथली हवा मुद्दाम गरम आणि दमट ठेवलेली, आणि साच्यांच्या खडखडाटात शेजारच्याशी बोलायचं तर ओठांच्या हालचालीवर भागवावं लागे. पाळी सुटली की माणूस चालत चाळीत येई, दोन-तीन जिने चढे. तरणी पोरं तालमीत जात, कबड्डीच्या मैदानात उतरत. खानावळीतलं जेवण आणि मंडळाच्या मैदानातली माती यांच्या जोरावर गिरणगावाचा तरुण पिळदार दिसायचा हे खरं.

पण इतकं चालूनही या माणसांची हृदयं म्हातारपणी धडधाकट का राहिली नाहीत, हा प्रश्न उरतोच. त्याचं एक उत्तर अलीकडे कोपनहेगनहून आलं. तिथल्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक स्त्री-पुरुषांची माहिती तपासून २०२१ साली दाखवलं, की मोकळ्या वेळेत केलेल्या हालचालीने हृदयविकाराचा धोका घटतो, पण कामावरच्या जड शारीरिक कष्टाने तो उलट वाढलेला दिसतो. कारणं समजायला अवघड नाहीत. व्यायामात हृदयाची गती काही मिनिटं वाढते, मग शरीर सावरतं. पाळीत मात्र ती तासन्‌तास चढलेली राहते, रक्तदाब खाली येत नाही, दम खायची मुभा जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या मर्जीवर असते. म्हणून ‘गिरणीत इतकं राबलेला माणूस, त्याला व्यायामाची काय गरज’ हे म्हणणं मला मान्य नाही. सायडरने आयुष्यभर जे केलं ते श्रम होते, आणि श्रमाने त्याचं शरीर झिजवलं.

त्यात कापसाची धूळ. बिसिनोसिस हा कापूस गिरणीचा खास आजार. त्याची खूण अशी, की सुट्टीनंतर कामावर गेल्यावर पहिल्याच दिवशी छाती आवळते, धाप लागते, आणि आठवडा पुढे सरकेल तसं ते कमी वाटू लागतं. लोखंड्यांनी मिळवून दिलेल्या रविवारनंतरचा सोमवार हा त्या रोगाचा दिवस होता. भारतीय गिरण्यांत हा रोग फारसा नाहीच असं बराच काळ मानलं जाई. परळच्या केईएम रुग्णालयात छातीच्या विकारांवर काम करणारे डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांचा पाच वर्षं पाठपुरावा केला आणि १९८१ साली हा रोग इथेही असल्याचे निष्कर्ष आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडले. फुप्फुसं अशी वर्षानुवर्षं खराब झाली की त्यांच्यातून रक्त ढकलणाऱ्या हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो, ती फुगते आणि शेवटी थकते. पायांवर सूज, पोटात पाणी. चाळीत त्याला ‘दमा पोटात उतरला’ म्हणत असतील, पण ते हृदय होतं.

आता रुग्णालयाकडे वळू. केईएम १९२६ साली सुरू झालं. शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या देणगीला जोडलेली अट प्रसिद्ध आहे, की या वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापक भारतीयच असावेत. गिरणगावाच्या मधोमध उभं राहिलेलं हे रुग्णालय हृदयविकाराच्या इतिहासात पुन्हा पुन्हा भेटतं. इथल्याच डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरचा उपयोग १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला आणि जगाला रक्तदाबावरचं एक परिणामकारक औषध मिळालं. उच्च रक्तदाब हे हार्ट फेल्युअरचं मोठं कारण, तेव्हा या कामाचं मोल किती हे सांगायला नको. १६ फेब्रुवारी १९६८च्या रात्री इथेच डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं. डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी केप टाउनला केलेल्या पहिल्या रोपणाला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रोपण केलेलं हृदय काही तास चाललं आणि रुग्ण दगावला. पुढच्याच वर्षी, १९६९ साली, डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी ४७ रुग्णांना शवासन शिकवून रक्तदाबावर त्याचा काय परिणाम होतो ते प्रसिद्ध केलं. औषध, शस्त्रक्रिया आणि योग, तिन्ही वाटा एकाच आवारातून गेल्या, आणि ते आवार काळाचौकीहून पायी जाण्याच्या अंतरावर आहे.

पण वॉर्डात खाटेवर पडलेल्या साध्या रुग्णाला या काळात एकच सल्ला होता, पडून राहा. हा सल्ला परळचा नव्हता, सगळ्या जगाचा होता. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१२ साली हृदयाच्या झटक्याचं वर्णन करताना सक्तीची विश्रांती सांगितली. १९३९ साली बोस्टनच्या डॉक्टरांनी शवविच्छेदनातून दाखवलं, की झटक्याने मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण पक्का व्हायला सुमारे सहा आठवडे लागतात. मग सहा आठवडे खाट हा नियमच झाला. दुबळ्या, मोठ्या झालेल्या हृदयाला तर त्याहून जास्त. १९६०च्या दशकात अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सचे जॉर्ज बर्च अशा रुग्णांना महिनोन्‌महिने, कधी वर्षभर अंथरुणावर ठेवत. तर्क सरळ होता. पंप कमजोर आहे, त्याच्यावरचा भार कमी करा.

याच्या उलट सांगणारी माणसं आधीच होऊन गेली होती. अठराव्या शतकात लंडनच्या विल्यम हेबर्डनने लिहून ठेवलं होतं, की छातीत कळ येणारा त्याचा एक रुग्ण रोज अर्धा तास लाकूड कापायचा नेम करून जवळजवळ बरा झाला. १८५४ साली डब्लिनच्या विल्यम स्टोक्सने आपल्या ग्रंथात हृदयरोग्यांना आधी सपाटीवर, मग हळूहळू चढावर चालायला सांगितलं होतं. विसाव्या शतकाने ते बाजूला ठेवलं. मला या विस्मरणाचं राहून राहून वाईट वाटतं. किती माणसांचे पाय त्यामुळे वाळले, किती जणांच्या पायांतल्या रक्ताच्या गुठळ्या खाटेवर पडल्या पडल्या फुप्फुसात गेल्या, याचा हिशेब कुठेच लागायचा नाही.

बदल थोडाथोडा आला. १९५२ साली बोस्टनच्या सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाउन यांनी झटका आलेल्या ८१ रुग्णांना खाटेऐवजी खुर्चीत बसवलं आणि त्याने अपाय झाल्याचं दिसलं नाही. इतकंच, खाटेवरून खुर्चीत. पण तेवढ्यानेही वैद्यकात खळबळ उडाली. १९५३ साली जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बससेवेतल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास मांडला. दुमजली बसचा ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिने चढून उतरून. कंडक्टरांना हृदयविकार बराच कमी आणि झाला तरी सौम्य. मुंबईत बेस्टच्या दुमजली बस १९३७ पासून होत्या. त्यांचे कंडक्टरही तसेच खाली-वर करत, पण आपल्याकडे त्यांच्या हृदयांचा असा अभ्यास झालेला माझ्या वाचनात नाही.

मग १९६६ साली डॅलसमध्ये पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आलं. निरोगी, विशीतली मुलं. तीन आठवड्यांनी त्यांची श्रम करण्याची क्षमता चौथ्या हिश्शाहून जास्त घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना, पन्नाशीत, पुन्हा तपासलं, तेव्हा त्यांची क्षमता तीस वर्षांच्या वयाने जितकी कमी केली होती त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या खाटेने केली होती, असं दिसलं. वय आणि खाट यांत जास्त घातक कोण, याचं इतकं स्वच्छ उत्तर मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

तरीही हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला ही मोकळीक मिळाली नाही. झटका येऊन गेलेल्या माणसाला हिंडू द्या, पण ज्याचं हृदयच दुबळं आहे त्याला नको, अशी समजूत १९८०च्या दशकापर्यंत टिकली. आणि नेमकं त्याच दशकात गिरणगाव बसलं.

१८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला. तो रीतसर मागे घेतला गेला नाही. वर्ष लोटलं, दीड वर्ष लोटलं, घरातलं सोनं गेलं, भांडी गेली, कित्येक कुटुंबं कोकणात, घाटावर गावी परतली. जे राहिले त्यांनी भाजीची गाडी लावली, हमाली केली, पोरांना शाळेतून काढलं, बायकांनी खानावळी आणि घरकामं धरली. पुष्कळ जण वॉचमन झाले. कालपर्यंत त्रासनच्या रांगेत येरझाऱ्या घालणारा माणूस दुसऱ्याच्या इमारतीच्या फाटकाशी स्टुलावर बारा तास बसू लागला. हा बदल मजुरीच्या आकड्यांत मांडला गेला आहे. शरीराच्या अंगाने त्याच्याकडे फारसं कुणी पाहिलेलं नाही, म्हणून तो इथे नोंदवतो.

संपाने आणखी एक गोष्ट नेली. कामगार राज्य विमा योजना मुंबईत १९५४ पासून होती. परळचं महात्मा गांधी स्मारक रुग्णालय, वस्तीतले विमा दवाखाने, आजारपणातली भरपगारी नाही तरी अर्धीमुर्धी रजा. हे सगळं पगारातून कापल्या जाणाऱ्या वर्गणीला बांधलेलं होतं. पगार थांबला, वर्गणी थांबली, आणि पन्नाशीला टेकलेला माणूस, म्हणजे ज्याचा रक्तदाब आता नियमित मोजायला हवा होता तोच, विम्याबाहेर पडला. न मोजलेला रक्तदाब वीस-पंचवीस वर्षं हृदयाला जाड आणि ताठर करतो. २००५ नंतर वॉर्डात धापा टाकत आलेल्या कित्येकांच्या आजाराची सुरुवात १९८२-८३ मध्ये शोधावी लागेल, असं मला वाटतं.

बायकांचं तर आणखी आधी झालं होतं. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रिया होत्या, मुख्यत्वे कांडी आणि रिळं भरण्याच्या खात्यांत. नवी यंत्रं, रात्रपाळीचे नियम, काटछाट यांत त्यांचा आकडा घसरत गेला आणि संपाच्या वेळी त्या मूठभर उरल्या होत्या. मग त्यांचं काम म्हणजे पहाटेचं पाणी भरणं, जिने, खानावळीच्या पोळ्या. म्हातारपणी स्त्रियांमध्ये हार्ट फेल्युअरचा एक प्रकार जास्त आढळतो, ज्यात हृदय आकुंचन नीट पावतं पण ताठर झाल्यामुळे सैल पडत नाही. इको केला तर ‘पंपिंग’ चांगलं दिसतं, म्हणून तिच्या धापेला कुणी गंभीरपणे घेत नाही. ‘वय झालं, वजन वाढलं’ एवढ्यावर भागवलं जातं.

गिरण्यांची चाकं थांबली त्याच वर्षांत प्रयोगशाळांमध्ये उलटा प्रवास सुरू झाला. १९८५ साली कॅनडात गॉर्डन गायट आणि सहकाऱ्यांनी हार्ट फेल्युअरच्या रुग्णांसाठी एक अगदी साधी चाचणी मांडली. सरळ बोळात सहा मिनिटं आपापल्या गतीने चाला, लागेल तिथे थांबा, किती मीटर झाले ते मोजा. महागडं यंत्र नाही, सुई नाही. पुढे असं दिसलं, की जे तीनशे मीटरही चालू शकत नाहीत त्यांच्या जिवाला धोका जास्त. १९९० साली ऑक्सफर्डच्या अँड्र्यू कोट्स यांनी अकरा रुग्णांना आठ आठवडे घरी सायकलचा व्यायाम आणि आठ आठवडे विश्रांती अशा दोन फेऱ्या दिल्या. व्यायामाच्या फेरीत त्यांची ताकद वाढली, धाप कमी झाली आणि हृदयाला अपाय झाला नाही. अकरा माणसं म्हणजे फार नव्हेत, पण दोनशे वर्षांपूर्वीच्या हेबर्डनच्या लाकूडतोड्याला अखेर साथीदार मिळाले.

या काळात एक महत्त्वाची गोष्ट उलगडली. आपल्याकडे रिपोर्ट हातात आला की पहिला प्रश्न असतो, ‘पंपिंग किती टक्के?’ पस्तीस, तीस, पंचवीस. पण त्या टक्क्यांवरून माणूस किती चालू शकेल हे सांगता येत नाही. पंचवीस टक्के पंपिंगचा एक जण मजला चढतो, चाळीस टक्क्यांचा दुसरा मोरीपर्यंत जाताना थांबतो. कारण धाप हृदयातून निघते तशी पायांतूनही निघते. बसून बसून मांड्यांचे स्नायू रोडावतात, त्यांना ऑक्सिजन वापरता येत नाही, थोड्या हालचालीलाही ते फुप्फुसाकडे आणि हृदयाकडे जास्त हवा-रक्त मागतात. माणूस घाबरून आणखी बसतो. हृदय दुरुस्त करता आलं नाही तरी हे स्नायू परत मिळवता येतात, ऐंशीव्या वर्षीही.

मोठे पुरावे एकविसाव्या शतकात आले. अमेरिका, कॅनडा आणि फ्रान्समधल्या ८२ केंद्रांत २,३३१ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निकाल २००९ साली प्रसिद्ध झाले. व्यायामाने मृत्यू आणि रुग्णालयात भरती यांत मोठा फरक पडला असं छातीठोकपणे म्हणता आलं नाही. पण व्यायाम सुरक्षित ठरला आणि रुग्णांचं रोजचं जगणं सुधारलं. त्या अभ्यासातली माणसं मात्र साधारण साठीच्या आतबाहेरची होती. खरे म्हातारे, नुकतेच रुग्णालयातून सुटलेले, मधुमेह-संधिवात घेऊन जगणारे, त्यात कमीच. त्यांच्यासाठीचा अभ्यास २०२१ साली आला. ३४९ रुग्ण, सरासरी वय सुमारे त्र्याहत्तर, निम्म्याहून जास्त स्त्रिया. त्यांना लांब चालायला लावण्याआधी तोल सांभाळणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं, पायांत बळ आणणं, मग चालणं असं शिकवलं. तीन महिन्यांत त्यांच्या हालचालीत ठळक सुधारणा झाली. खुर्चीतून उठणं हा व्यायामाचा पहिला धडा असू शकतो, ही गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते.

भारतात हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो. देशभरातल्या ५३ रुग्णालयांनी मिळून केलेल्या राष्ट्रीय नोंदवहीत दहा हजारांहून जास्त रुग्ण आहेत आणि त्यांचं सरासरी वय साठीच्या आसपास आहे. म्हणजे आपल्याकडे पंचाहत्तरीचा रुग्ण कित्येक वर्षं हा आजार घेऊन जगत आलेला असू शकतो. त्याला गोळ्यांची पिशवी मिळते, पण किती चालायचं हे कागदावर लिहून क्वचितच मिळतं.

आणि काळाचौकीत चालायचं तर कुठे? अभ्युदय नगरसारख्या जुन्या वसाहतींत लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरचा हृदयरोगी एकदा खाली उतरला की परत चढण्याच्या धास्तीने उतरणंच सोडून देतो. शहीद भगतसिंग मैदान हाकेच्या अंतरावर असून त्याला परगावासारखं होतं. फुटपाथवर गाड्या, फेरीवाले, उखडलेल्या लाद्या. सकाळी लघवीची गोळी घेतली की पुढचे दोन-तीन तास संडासाजवळ राहावं लागतं, आणि बाहेर स्वच्छ मुतारी नाही; म्हणून सकाळचा गार वेळ घरातच जातो. ही अडचण विशेषतः बायका कुणाला सांगत नाहीत. डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ पुढेमागे करता येते, हे बहुतेकांना माहीतच नसतं.

चाळीने मात्र एक सोय नकळत करून ठेवली होती. सहा मिनिटांच्या चाचणीला तीस मीटरचा सरळ, सपाट बोळ लागतो. शेजारच्या शिवडीच्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकातल्या. एकेका मजल्यावर १६० चौरस फुटांच्या वीस खोल्या, समोरासमोर दहा-दहा आणि मधून बोळ. दहा खोल्यांची रांग शंभर फुटांच्या आसपास भरते, म्हणजे तीस मीटर. सावली आहे, ऊन-पावसाचा प्रश्न नाही, दम लागला तर दर पाच पावलांवर ओळखीचं दार आणि त्या दारात कुणीतरी बसलेलं. हृदयरोग्यासाठी ठरवून आखायची म्हटली तरी याहून चांगली जागा आखता येणार नाही. खोल्यांची कोंडी, सार्वजनिक संडास, पाण्याचे हाल यांचं कौतुक करण्याचा माझा अजिबात हेतू नाही. प्रत्येकाला स्वतःचा संडास, लिफ्ट आणि मोठं घर मिळायलाच हवं, आणि लिफ्टने कित्येक म्हाताऱ्यांना पुन्हा जमिनीवर आणलं आहे. पण टॉवरच्या नकाशात तो बोळ लिफ्टसमोरच्या चार दारांपुरता आखडतो, दारं बंद होतात आणि म्हातारा माणूस टीव्हीसमोर राहतो. २०१२ साली गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली. ज्यांना घरं मिळाली त्यांतले कित्येक तोवर सत्तरीकडे झुकले होते.

गिरणगावाच्या गिरण्यांची जमीन आणि चाळी यांचा पुनर्विकास अजून चालू आहे. अभ्युदय नगरचाही व्हायचा आहे. सोसायटीच्या सभांत चटई क्षेत्र, कॉर्पस फंड, पार्किंग यांवर तासन्‌तास चर्चा होते. त्या सभेत एखाद्या ज्येष्ठाने उठून मागावं, की प्रत्येक इमारतीत किंवा पोडियमवर पावसात भिजणार नाही असा तीस-चाळीस मीटरचा सपाट रस्ता द्या, त्याला धरायला कठडा द्या, मध्ये बाक द्या आणि जवळ मुतारी द्या. यात बिल्डरचं फार काही जात नाही. रविवार मागण्यापेक्षा हे मागणं खूप सोपं आहे.

घरातल्यांनीही थोडं बदलायला हवं. आजोबांच्या हातातला पाण्याचा तांब्या काढून घेऊ नका. आजीला भाजी निवडायला, दाराशी चार वेळा जायला, खुर्चीतून दहा वेळा उठायला लावा. सुरुवात पाच मिनिटांची असली तरी चालेल. चालताना बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता आलं नाही तरी हरकत नाही. बोलताच येईनासं झालं तर थांबायचं. मे महिन्याच्या उन्हात आणि जेवल्या जेवल्या नको. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलं, पायांची सूज वर सरकली, आडवं पडल्यावर गुदमरलं, छातीत दुखलं किंवा भोवळ आली, तर चालणं थांबवून आधी डॉक्टर गाठायचा. आणि नुकतंच रुग्णालयातून आलेल्या माणसाने डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करायची.

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा केईएमच्या, विमा रुग्णालयाच्या किंवा आपल्या गल्लीतल्या डॉक्टरांना ‘पंपिंग किती’ हे विचाराच, पण त्याच्याबरोबर सहा मिनिटांत किती मीटर चाललो हेही मोजायला सांगा, आणि रोज किती चालायचं ते केसपेपरवर औषधांच्या यादीत लिहून मागा.